वॉशिंग मशीनमधलं पिल्लू

३ मार्च

प्रिय मामा,

फोन केला की तू "थांब, मामीला देतो" म्हणून मोकळा होतोस. मामी तब्येत विचारते, हवापाणी विचारते, आणि फोन ठेवून देते. म्हणून आज पत्रच लिहितेय. हे मामीकडे ढकलू नकोस, काम तुझ्याकडेच आहे.

आधी आनंदाची बातमी. मला पहिलं खरंखुरं काम मिळालं! इतके दिवस घरी बसून कॉम्प्युटरवर जे काही ठोकत होते, ते ऐकून एका नाटकवाल्या बाईंनी बोलावलं. मुलांचं नाटक आहे. एका बंद पडलेल्या वॉशिंग मशीनमध्ये पक्षीण अंडं घालून जाते, आणि पिल्लू आतच जन्मतं. बाहेरचं जग त्याला गोल काचेतून दिसतं. पिल्लू रंगमंचावर कधीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. म्हणजे अख्खं पिल्लू मी बनवायचं, आवाजातून.

दिग्दर्शकबाई हुशार आहेत आणि हट्टी आहेत. त्यांना पक्ष्याचा आवाज नको, यंत्राचाही नको. "यंत्राच्या पोटात जन्मलेल्या जिवाचा आवाज आण," म्हणतात. सांगायला काय जातं! मी ओल्या बोटाने पेला घासला. फुग्याचं तोंड ताणून हवा सोडली. कपाटात कोटांच्या मधे बसून (तिथे बाहेरचा गोंगाट येत नाही) कंगव्याचे दात छेडले. मग एकेक आवाज कॉम्प्युटरवर घेऊन ताणला, उलटा फिरवला, त्यातला जाड भाग कापून बारीक ठेवला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वैतागून छताला झाडू ठोकला, तोही मी रेकॉर्ड केला. तो मशीनच्या पायांचा आवाज म्हणून बाईंना फार आवडला. पिल्लाच्या प्रत्येक आवाजाला मात्र त्यांनी नाक मुरडलं.

एप्रिल संपेपर्यंत पिल्लाला कंठ फुटला नाही, तर त्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार आहेत. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. मामा, हे काम गेलं तर पुन्हा कोण विचारणार मला? आणि आई "मी म्हटलंच होतं" म्हणेल ते वेगळंच.

तुझं दुरुस्तीचं दुकान म्हणजे विचित्र आवाजांचं माहेर. कण्हणारे पंखे, खरखरणारे मिक्सर, कुरकुरणारी शिलाई मशीनं. सोबत एक छोटा रेकॉर्डर पाठवतेय. लाल बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. जे जे विचित्र वाजेल ते घे आणि आतलं कार्ड पाठव.

तुझीच,
टकळी

१२ मार्च

चि. टकळीस,

आशीर्वाद. आणि शाबासकी. तुझ्या आईला मी लिहितो, ती काही म्हणणार नाही. म्हणाली तर मी तिचा मोठा भाऊ आहे, हे तिच्या लक्षात आणून देईन.

फोनचं म्हणशील तर मला त्यात बोलायची सवय नाही. पत्र बरं. माणूस विचार करून लिहितो.

तुझं काम ताबडतोब हातात घेतलं. तुझा रेकॉर्डर दोरीने गळ्यात अडकवलाय, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कार्ड सोबत आहे. त्यात काय काय आहे ते सांगतो.

पहिला, बेकरीवाल्याचा पीठ मळायचा मिक्सर. आला तेव्हा बैल कण्हावा तसा कण्हत होता. बेअरिंग बदललं, वंगण घातलं, मग रेकॉर्ड केला. दुसरी, शेजारच्या शिंपीणबाईंची मशीन. टकटक करायची. आता हात ठेवला तरी चालू आहे की बंद ते कळत नाही. तिसरं वॉशिंग मशीन, मुद्दाम तुझ्या नाटकासाठी. कपडे पिळताना ते खोलीभर फिरायचं. त्याचे पाय समतोल केले, आतला पट्टा बदलला. ऐकशील तर ऐकतच राहशील. शेवटी माझ्या दुकानाचं दार. वर्षानुवर्षं कुरकुरायचं, तुझ्या निमित्ताने बिजागऱ्यांना तेल दिलं.

दुकानावर मी पाटी लावली आहे ती तुला आठवत असेल, 'आवाज गेल्याशिवाय यंत्र परत देत नाही.' तेव्हा माझ्या दुकानातून बाहेर जाणारा आवाजही तसाच चोख गेला पाहिजे. नाटक बघायला चार लोक येणार, त्यांच्यासमोर आपली खडखड कशाला?

आणखी लागले तर कळव.

मामा

२० मार्च

अरे मामा!!

कार्ड लावलं, कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले. काहीच नाही. पुढचा आवाज लावला, तिथेही काहीच नाही. मला वाटलं माझं यंत्र बिघडलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि खुर्चीवरून पडायची राहिले. तू मला मिक्सरची शांतता पाठवलीस, शिलाई मशीनची शांतता पाठवलीस, आणि दाराची शांतता तर इतकी सुंदर आहे की विचारू नकोस. मामा, मला आजारी यंत्रं हवी होती रे, बरी झालेली नकोत!

पण थांब, पत्र ठेवू नकोस. त्या शांततेच्या मागे काहीतरी आहे.

आवाज मोठा केला तर एक शिट्टी ऐकू येते. अगदी बारीक. हळूच वर चढते, थरथरते, थांबते, पुन्हा निघते. कधी दोन सूर लागोपाठ, जणू कुणी प्रश्न विचारतंय. मी ती थोडी संथ केली, तिच्यामागे रिकाम्या डब्याचा घुमारा लावला, आणि मामा, माझ्या अंगावर काटा आला. पिल्लू होतं ते! जिवंत होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना ऐकवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आजवर मी काहीही ऐकवलं तरी त्या पीतच राहिल्या होत्या. म्हणाल्या, "हेच. पण हे एवढंसंच आहे. मला याचं रडणं हवं, हसणं हवं, भूक हवी. कशाचा आवाज आहे हा?"

तर मामा, कशाचा आहे? तुझ्या कुठल्या यंत्राची शिट्टी आहे ती? ते यंत्र भरपूर चालव आणि मला खूप सारी शिट्टी पाठव. आणि तुझ्या पाया पडते, त्याला दुरुस्त करू नकोस!

टकळी

२९ मार्च

चि. टकळीस,

माझ्या दुकानात कुठलंही यंत्र शिट्टी मारत नाही.

हे मी बघून सांगतोय. तुझं पत्र आलं त्या दिवशी सगळी यंत्रं एकेक चालवून, कान लावून पाहिली. छताचा पंखा उतरवला. टेबलावरचा दिवा उघडला. घासायच्या चाकाचा आस काढून पुन्हा बसवला. तुझ्या मामीला विचारलं, "कुठलं यंत्र शिट्टी मारतंय का गं?" ती म्हणाली, "कुठलंच नाही." तिचा कान तिखट आहे. तेव्हा विषय मिटला.

तुझ्या त्या रेकॉर्डरमध्येच बिघाड असावा. बाजारात हल्ली काहीही विकतात. आणि माझ्या दुकानात शिट्टी वाजते असं तू बाहेर कुणाला बोलू नकोस. तुझ्यासाठी ती गंमत आहे. माझ्याकडे लोक यंत्र आणतात ते मी ऐकून रोग सांगतो म्हणून. एकदा का मामाला आपल्याच दुकानातली शिट्टी ऐकू येत नाही असं पसरलं की संपलं.

तुझा हट्ट म्हणून या खेपेला न दुरुस्त केलेले आवाज पाठवतोय. खरखरणारा मिक्सर तसाच चालवणं म्हणजे काय यातना असतात ते तुला कळायचं नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे सगळं दुकानात न करता घरी, स्वयंपाकघरात केलंय, म्हणजे तुझ्या शिट्टीचा प्रश्नच यायला नको.

मामा

५ एप्रिल

प्रिय मामा,

मिक्सर फर्स्ट क्लास आहे. तुझ्या जेवणाबद्दल माफी.

पण शिट्टी स्वयंपाकघरातही आहे! उलट आणखी छान आहे. तू मिक्सरचं झाकण उघडत होतास वाटतं, कारण स्क्रू फिरल्याची करकर येते, आणि करकर सुरू झाली की शिट्टी सुरू होते. स्क्रू घट्ट असला की ती वर वर चढते. स्क्रू निघाला की एकदम थांबते, आणि मग एक लांब, खुशीची शिट्टी. रेकॉर्डर तुला पाठवण्याआधी मी इथल्या दुकानात तपासून घेतला होता, आणि त्यावर मी स्वतः घेतलेल्या कुठल्याच आवाजात ती नाही. फक्त तुझ्याकडून आलेल्यात आहे.

मामा, तू माझी फिरकी घेतोयस ना? एवढी स्पष्ट शिट्टी तुला ऐकू येत नाही असं होणारच नाही. लहानपणी जिन्यावरच्या पावलांवरून तू सांगायचास, कुणाच्या बुटाची टाच झिजलीय ते. सांग ना आता. बाई रोज विचारतात. महिना संपत आला की त्या विचारायच्या थांबतील, आणि मला त्याचीच भीती वाटतेय.

टकळी

२४ एप्रिल

चि. टकळे,

मी मामी. तुझ्या पत्राला उत्तर गेलं नाही म्हणून तू काळजीत असशील. तुझे मामा लिहायला बसतात आणि कागद चुरगाळून उठतात, म्हणून शेवटी मीच लिहितेय. त्यांना ठाऊक नाही.

तुझं मागचं पत्र आलं आणि यांनी दुकान डोक्यावर घेतलं. जे उघडता येतं ते सगळं उघडलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुम्हाला इथे कुठल्या यंत्राची शिट्टी ऐकू येते का?" गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायची आणि "यंत्राची? नाही बुवा" म्हणायची. शिंपीणबाई तर तोंडाला रुमाल लावून बाहेरच गेल्या. मला वाटलं लोक यांना हसतायत, म्हणून मी आणखीच चिडले.

मग एके दिवशी दुधाचं भांडं गॅसवर ठेवून मी घड्याळाचा गजर लावून गेले. परत येते तर गजर किंचाळतोय, दूध सगळं खाली, आणि हे शेजारच्या खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचतायत. मी आधी गॅस बंद केला. फोन माझ्या हातात का देतात, दाराची बेल माझ्याकडे का सोपवलीय, सगळं एकदम लख्ख झालं. धरून नेलं कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज केव्हाचे गेलेत. कानात घालायचं छोटं यंत्र दिलंय. ते डबीत आहे. डबी कपाटात आहे. आणि तुझे मामा गॅलरीत बसलेत. दुकानाचं दार बंद. "ज्याचा कान गेला त्याने दुसऱ्याच्या यंत्राला काय कान लावायचा," म्हणतात. इतकी वर्षं हे गप्प बसावेत म्हणून मी बोलायचे, आता गप्प बसलेत तर घर खायला उठलंय.

आता खरी गोष्ट. तुझी पत्रं यांनी खिशात ठेवली होती, ती मला काल कपडे धुवायला घेताना मिळाली. तोवर तू नेमकं काय शोधतेयस ते मला धड माहीतच नव्हतं. वाचलं, "बारीक असते, वर चढते, स्क्रू निघाला की थांबते." आणि मी तिथेच फरशीवर बसून हसले, रडले, सगळं केलं.

अगं, ते यांचं नाक आहे!

कामात बुडाले की यांचं नाक वाजतं. लग्न झाल्यापासून ऐकतेय. जेवढं काम किचकट तेवढी शिट्टी वर. मला शेजारच्या खोलीत बसून कळतं, दुरुस्ती जमतेय की नाही. अख्ख्या गल्लीला माहीत आहे, मला वाटलं यांनाही माहीत असेल. यांनी मला विचारलं, कुठलं यंत्र शिट्टी मारतं? मी खरं तेच सांगितलं. यंत्र नाहीच मारत.

यांना सांगितलेलं नाही. आधीच मन खट्टू आहे, त्यात हे कसं सांगू? तूच काहीतरी सुचव.

मामी

२७ एप्रिल

मामी गं,

पत्र वाचून मी इतकी हसले की खालच्या काकूंनी पुन्हा झाडू ठोकला. त्यांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं, तेव्हा त्याही हसल्या. पहिल्यांदाच!

मग हसू ओसरलं आणि फार वाईट वाटलं. मी "तू फिरकी घेतोयस" म्हणून लिहिलं होतं. मामाला ते केवढं लागलं असेल. त्याला आधी दुकानात बसवायला हवं. पिल्लाचं नंतर बघू. खरं सांगायचं तर दोन्ही एकाच रस्त्याने होईल असं वाटतंय.

माझ्याकडे भंगारातून आणलेला एक जुना टेप रेकॉर्डर आहे, मोठ्या चकत्यांचा. पिल्लाचा आवाज त्या टेपवरून फिरवून घेतला तर तो लोखंडाच्या पोटातून आल्यासारखा वाटेल. पण ते धूड टेप ओढतच नाही, आणि इथे सगळ्यांनी हात टेकलेत. ते मी पार्सलने पाठवतेय. मामाला सांग, टकळीचं काम याच्यावाचून अडलंय. हे खोटं नाहीच. आतमध्ये इतके पट्टे, चाकं आणि स्प्रिंगा आहेत की मामाला गॅलरीत बसवणार नाही. आणि तो कामाला लागला की रेकॉर्डर तुझ्या विणकामाच्या टोपलीत ठेवून जवळ बस. बाकी काही करायचं नाही.

बाईंच्या हातापाया पडून मी आणखी दोन आठवडे मागून घेतलेत. म्हणाल्या, "एवढा कोण कलाकार आहे तुझा?" मी म्हटलं, फार मोठा आहे, पण सध्या रुसलाय.

तुझी टकळी

११ मे

चि. टकळीस,

आशीर्वाद. टेप रेकॉर्डर दुरुस्त होऊन आजच रवाना झाला. त्याचा मुख्य पट्टा वितळून चिकटला होता आणि कुणीतरी शहाण्याने स्प्रिंग उलटी बसवली होती. असल्या माणसांच्या हातात स्क्रूड्रायव्हर देतं कोण?

तुझा डाव मला कळला नाही असं समजू नकोस. पार्सल उघडताना मामी जवळच घुटमळत होती आणि कधी नव्हे ती माझ्या टेबलापाशी विणायला बसली. तीन संध्याकाळी तिने तेच एक पायमोज्याचं टोक उसवलं आणि विणलं. पण त्या यंत्राच्या पोटात शिरल्यावर मला दुसरं काही दिसेना, हे खरं.

सगळं बसवून टेप फिरायला लागली, आणि मग अडलं. तिच्यातून बारीक सूं-सूं येते की नाही ते तपासायला हवं, आणि ते मला ऐकू येणार कसं? तसाच पाठवला असता तर काम अर्धवट राहिलं असतं. मी उठलो, कपाटातून डबी काढली आणि ते बोंडाएवढं यंत्र कानात घातलं. माझ्यासाठी घातलं नसतं. त्या टेप रेकॉर्डरसाठी घातलं.

टकळे, काय सांगू तुला! नळ थेंबथेंब गळत होता. पेपरची पानं वाजतात हे मी विसरूनच गेलो होतो. मामीच्या विणायच्या सुया एकमेकींवर टिकटिक करत होत्या. माझ्या चपला फरशीवर घासताना एवढा आवाज करतात आणि मला कुणी बोललं नाही? डोळ्यांत पाणी आलं, ते मामीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग कामाला बसलो, आणि ती शिट्टी ऐकू आली.

मी टेप बंद केली. शिट्टी चालूच. दिवा बंद केला. चालूच. खोलीतलं मुख्य बटण खाली ओढलं. अंधारातही चालूच! मी टेबलाखाली शिरलो, ती माझ्याबरोबर टेबलाखाली आली. भिंतीला कान लावला, तिथेही आली. शेवटी नीट ऐकायचं म्हणून श्वास रोखून धरला, आणि ती थांबली. सोडला, सुरू झाली. पुन्हा रोखला, थांबली. मामी टोपली मांडीवर घेऊन गदगदा हलत होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाली, "तुम्ही यंत्राचं विचारलंत. माणसाचं कुठे विचारलंत?"

अख्खं दुकान उघडून बसलो आणि बिघाड दुकानदारात निघाला. दोन दिवस रागावायचं ठरवलं होतं, पण जेवायला बसेपर्यंतही जमलं नाही. तुझ्या आईला सांगितलंस तर मात्र बघ.

मामीने टोपलीतून पकडलेलं सगळं कार्डात आहे. मग मीही मुद्दाम वाजवून बघितलं, तर फुसफुशीशिवाय काही निघालं नाही. काम समोर असलं आणि माझं लक्ष नसलं तरच ते वाजतं. दुकान सोमवारपासून उघडलंय. मधल्या काळात परत दिलेली काही यंत्रं मी बोलावून घेतली, त्यातल्या दोन-तीन पंख्यांची किणकिण मला ऐकूच आली नव्हती. लोकांनी तक्रार केली नाही, म्हणून आता लाजेने मीच फुकट करून देतोय.

आणि नाकाचंही बघतोय. डॉक्टर म्हणाले, किरकोळ काम आहे, नाकातलं वाकडं हाड जरा सरळ करायचं. जूनमधली वेळ घेतलीय. तुझं काम भागलं आहे, आता ते वाजत ठेवायचं कारण नाही. 'आवाज गेल्याशिवाय परत देत नाही' अशी पाटी लावणाऱ्याचंच नाक वाजावं हे बरं दिसत नाही.

मामा

१६ मे

प्रिय मामा,

पिल्लाला कंठ फुटला! बाईंनी संपूर्ण ऐकलं, आणि उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्प्रिंग बसवतानाची तुझी धडपड हे पिल्लाचं रडणं झालंय. पट्टा अडकला ती भूक. टेप फिरायला लागली तेव्हाची ती लांब, खुशीची शिट्टी मी सगळ्यात शेवटी ठेवलीय. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला माणूस येतो, पाठचं झाकण उघडतो, सगळे समजतात पिल्लू गेलं, आणि मग ते एकदाच वाजतं. नाटक त्या एका शिट्टीवर उभं आहे.

चोवीस तारखेला पहिला प्रयोग. दोन तिकिटं सोबत आहेत, तिसऱ्या रांगेत. मी मागे काचेच्या खोलीत असेन, कॉम्प्युटरपाशी. कानातलं घालून ये!

टकळी

२५ मे

चि. टकळीस,

शेवटची गाडी चुकू नये म्हणून पडदा पडताच पळालो, तुला भेटताही आलं नाही. मामी वाटभर कुरकुरत होती. म्हणून आल्या आल्या लिहायला बसलो.

कार्टे, तू कमाल केलीस! माझ्या बाजूला एक चिमुरडी बसली होती. पिल्लू रडलं की ती माझी बाही धरायची. तिला काय ठाऊक, ती कुणाची बाही धरतेय!

एकच तक्रार. तो दुरुस्तीवाला झालेला नट. पाठचं झाकण उघडायला गेला आणि स्क्रू उलटा फिरवायला लागला. उजवीकडे! अरे बाबा, घट्ट करतोयस तू! मला बसवेना. मी पुढे वाकून बघत होतो की याला आता तरी कळतंय का. सगळं थिएटर गप्प आणि हा आपला उजवीकडे पिळतोय. शेवटी एकदाचा फिरवला डावीकडे, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आणि नेमकी तेव्हाच तुझी ती शेवटची शिट्टी! ती तर तू अफलातून केलीस. बाकीचे आवाज पुढून येत होते, ही मात्र अगदी माझ्या शेजारी वाजली, खऱ्यासारखी. मुलं काय ओरडली! माझ्या बाजूची ती तर खुर्चीवर उभीच राहिली. मी खाली वाकून बघितलं, पण मला स्पीकर सापडला नाही. कुठे लपवला होतास?

मामा

१ जून

प्रिय मामा,

खाली बस. मामीलाही बोलाव.

स्पीकर नव्हता.

त्या प्रसंगाला मी बटण दाबलं आणि काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. कॉम्प्युटर गोठला होता. माउस हलेना, स्क्रीन हलेना. समोर भरलेलं थिएटर, सगळी मुलं श्वास रोखून पिल्लाची वाट बघतायत. नटाला कळलं की शिट्टी येत नाहीये, म्हणून तो वेळ काढायला स्क्रू फिरवत राहिला. उजवीकडे फिरवला असेल, घाबरला होता बिचारा. बाई पडद्याआडून माझ्याकडे बघत होत्या आणि मी नुसतं बटणावर बटण दाबत होते. मनात एकच येत होतं, पिल्लू मेलं, आणि माझं कामही गेलं.

आणि तिसऱ्या रांगेतून ती आली. आधी बारीक, थरथरत, वर चढत. मला वाटलं मला भास होतोय. नटाने स्क्रू डावीकडे फिरवला, आणि मग ती लांब, खुशीची शिट्टी. मामा, रेकॉर्ड केलेली कधीच एवढी सुंदर वाजली नव्हती. मुलं किंचाळली, "जिवंत आहे! जिवंत आहे!" मी काचेमागे डोकं टेबलावर ठेवून रडले. बाई नंतर येऊन म्हणाल्या, "शेवटचा आवाज प्रेक्षकांतून आणलास, हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी सगळं खरं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या, मग पुढच्या नाटकाचं काम मला देऊन टाकलं.

त्यांनी विचारलंय, तो कलाकार पुढच्या प्रयोगांना येऊ शकेल का. तिकीट त्यांच्याकडून. नटाला स्क्रू उलटा फिरवायला सांगून ठेवतील.

तुझीच,
टकळी

७ जून

चि. टकळीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग शिंपीणबाई आल्या होत्या त्यांनी वाचलं. आता गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. बेकरीवाला मला 'कलाकार' म्हणून हाक मारतो. मी त्याला सांगितलं, मिक्सर पुन्हा कण्हायला लागला तर मी बघणार नाही.

दुकानावरची पाटी आहे तशीच ठेवलीय. नाकाच्या डॉक्टरांकडची वेळ मात्र काल रद्द केली. त्यांनी विचारलं, "का हो, त्रास कमी झाला का?" मी म्हटलं, "नाही, काम वाढलं."

बाईंना कळव, मी येतो. त्या नटाला माझ्याकडे एक दिवस पाठवून दे. उलटा फिरवायचा असला तरी स्क्रूड्रायव्हर धरायची एक पद्धत असते. आणि तू आता फोन करत जा. मामीकडे देणार नाही.

मामी शेजारी बसून विणतेय. त्या पायमोज्याचा आता खरोखरच पायमोजा होऊ लागलाय. मी तिला म्हटलं, पत्र लिहिणं काही किचकट काम नाही, आज तरी तुला काही ऐकू येत नसेल. ती म्हणाली, "मघापासून वाजतंय."

मामा